तीस अंडी घेऊन चालणारा पोलीस

ऑर्व्हिल टॅगर्टने माझ्या नवऱ्याला गोळी घातली त्याला येत्या ऑक्टोबरात एकतीस वर्षं होतील, आणि तेव्हापासून दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की व्हर्नाने मधलं काहीतरी गाळलं. मी गाळत नाही. अँटलर फोर्कच्या पोलीस चौकीत सव्वीस वर्षं वायरलेसवर बसले आहे. गावातली प्रत्येक भानगड आधी माझ्या कानावर येते आणि मग गावभर होते.

आमच्या वायोमिंगमध्ये, निदान आमच्या गावात तरी, माणूस सकाळी उठतो, पँट चढवतो, पट्टा आवळतो, पट्ट्याला पिस्तूल अडकवतो आणि मग चष्मा शोधत घरभर फिरतो. पिस्तूल सगळ्यांना दिसेल असं, उघड्यावर. कायद्याने चालतं, आणि कायदा नव्हता तेव्हाही चालतच होतं. आमचे पाद्रीबाबा प्रवचनाला उभे राहण्याआधी आपलं पिस्तूल काढून पियानोवर ठेवतात, कारण बसताना ते बरगडीत टोचतं. एकदा विसरून घरी गेले आणि आठवडाभर ते तिथेच होतं. पियानो वाजवणाऱ्या बाईंनी त्याच्यावरची धूळ झटकून ठेवली होती.

आता पोलिसाच्या बाजूने बघा. समोर शंभर कमरा, शंभर पिस्तुलं. नव्व्याण्णव जणांना आपल्या कमरेला काही लटकतंय याची आठवणसुद्धा नाही. पण एखाद्याला असते. तो कोणता, ते त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. आणि गावात पोलीस किती, तर अडीच. एक चीफ, जो एप्रिल ते ऑक्टोबर मासे धरतो आणि उरलेले महिने माशांबद्दल बोलतो. दुसरा ऑर्व्हिल. आणि अर्धी मी.

ऑर्व्हिल एकसष्ट वर्षांचा आहे. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही, घरी पासष्ट कोंबड्या. उंच, वाकलेला, आणि बोलायला इतका सावकाश की त्याचं वाक्य संपेपर्यंत माझी कॉफी पिऊन होते. पण रस्त्यावरचं काम त्याच्यासारखं करणारा मी पाहिला नाही. त्याची पद्धत अशी. कुठे तंटा झाला, कुणी आरडाओरडा करतोय, कमरेला पिस्तूल आहे, असा निरोप मी दिला की तो गाडी लांब उभी करतो. मग मागच्या सीटवरून अंड्यांचा ट्रे काढतो. तीस अंड्यांचा, पुठ्ठ्याचा, वर झाकण नाही. तो दोन हातांत धरून पावलापावलाने त्या माणसापर्यंत जातो. जवळ गेला की म्हणतो, "जरा धर रे." आणि ट्रे त्याच्या छातीला लावून सोडून देतो.

आमच्याकडे शेजाऱ्याने "जरा धर" म्हटलं की माणूस धरतो. प्रश्न विचारत नाही. आणि दुसऱ्याची अंडी कुणी जमिनीवर ठेवत नाही, ते आईने लहानपणीच ठोकून शिकवलेलं असतं. झालं! दोन्ही हात गुंतले. मग ऑर्व्हिल खिशात वही शोधतो. मग पेन शोधतो. मग त्या पेनाला टोपण नसतं, ते शोधतो.

टोबी रेनक्विस्टची गंमत सांगते. हा टोबी पेट्रोल पंपावर एका म्हाताऱ्याशी भांडत होता, की तू माझ्या आधी घुसलास. तोंडाला फेस, हात सारखा कमरेकडे. ऑर्व्हिल गेला, ट्रे दिला आणि टोपण शोधायला लागला.

टोबी म्हणाला, "ऑर्व्हिलकाका, अहो घ्या ना हे!"

"घेतो रे. तू बोल, तू बोल. काय म्हणालास तू त्याला?"

"मी म्हटलं तुझ्या..." एवढं बोलून टोबी थांबला. तीस अंडी हातात धरून आईबहिणीवरून शिव्या देता येत नाहीत. कुणीही करून बघावं. आठ मिनिटांत टोबीचा पारा उतरला, वर त्याला वेगाचा दंड पण मिळाला, कारण तो सकाळीही सुसाट गेला होता. जाताना ऑर्व्हिल म्हणाला, "ती अंडी राहू दे तुला. घरी ने."

इथेच तर खरी मेख आहे. गावातल्या बायकांना हे पक्कं ठाऊक. नवरा कारण नसताना तीस अंडी घेऊन दारात उभा राहिला, की बायको कमरेवर हात ठेवून विचारते, "कुठे शेण खाल्लंस?" टोबीच्या बायकोने एका महिन्यात चार केक केले. पाचव्या ट्रेला तिने टोबीला असं काही झापलं की तो अजून पंपावर सगळ्यांच्या शेवटी उभा राहतो.

हिवाळ्यात कोंबड्या अंडी कमी देतात, तेव्हा ऑर्व्हिल हाताशी येईल ते नेतो. भोपळा नेलाय. ओव्हनमधून काढलेला गरम ॲपल पाय नेलाय, फडक्यासकट. एकदा मार्चमध्ये नुसतं कोकरू नेलं होतं, दोन दिवसांचं. त्या माणसाने ते परत दिलंच नाही.

आता गोळीचं सांगते. तेव्हा ऑर्व्हिल तीस वर्षांचा, शहरातून येऊन तीन आठवडे झालेले. माझा मर्ल सदतीसचा. त्याच्या गाडीचा दिवा बंद होता म्हणून ऑर्व्हिलने त्याला थांबवलं. आता मर्लच्या वडिलांनी त्याला एक रीत शिकवली होती, जी या भागातल्या सगळ्या जुन्या घरांत शिकवत. पोलीस समोर आला की त्याला मागायची वेळ आणू नये. आपणहून पिस्तूल काढावं, मूठ पुढे करून त्याच्या हातात द्यावं, म्हणजे त्याचा मान राहतो. मर्ल गाडीतून उतरला, "नमस्कार साहेब" म्हणाला आणि मोठ्या अदबीने पिस्तूल काढायला लागला. शहरातून आलेल्या ऑर्व्हिलला अदब दिसली नाही, पिस्तूल दिसलं. त्याने गोळी झाडली. मांडीत लागली.

मग त्याच पोराने स्वतःचा पट्टा काढून मर्लची मांडी आवळली, त्याला उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यापर्यंत चाळीस मैल रडत गाडी चालवली. मर्ल म्हणतो, "गोळीपेक्षा त्याच्या रडण्यानेच मी अर्धमेला झालो." पुढे ऑर्व्हिल नोकरी सोडून निघाला होता. मर्ल कुबड्या घेऊन त्याच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "जायचं तर जा, पण रविवारी जेवून जा." मला कुणी विचारलं नाही. मला राग होता, आणि तो मी लपवला नाही. पहिली तीन वर्षं मी त्याच्या ताटात मुद्दाम रोस्टचा, म्हणजे भाजलेल्या मांसाचा, करपलेला तुकडा वाढला. तो दर वेळी म्हणायचा, "छान झालंय, व्हर्ना." पुढे राग गेला, पण करपलेला तुकडा त्याचाच, हे ठरून गेलं.

मर्ल लंगडतो. रीत मात्र सोडत नाही. मी सांगून थकले, की अरे माणसा, त्या रीतीने तुझी मांडी फुटली! तर म्हणतो, "रीत चांगली होती. माणूस नवीन होता."

तर गेल्या उन्हाळ्यात इथून जाणाऱ्या एका पाहुण्याने ऑर्व्हिलचं चित्रण करून इंटरनेटवर टाकलं. एका दांडग्या माणसाच्या कमरेला हे एवढं पिस्तूल, आणि हा त्याच्यासमोर तीस अंडी घेऊन उभा. लाखभर लोकांनी बघितलं, हसले, आणि काउंटीच्या वरच्या साहेबांनीही बघितलं. ते हसले नाहीत. मे महिन्यात पत्र आलं. सार्जंट प्रुइट येतील, दोन दिवस ऑर्व्हिलबरोबर फिरतील आणि ठरवतील. कागदावर दोन चौकोन होते. रस्त्यावरच्या कामास योग्य. रस्त्यावरच्या कामास अयोग्य.

ऑर्व्हिलने पत्र दोनदा वाचलं. म्हणाला, "अयोग्य ठरलो तर काय गं?"

मी म्हटलं, "माझ्या शेजारी खुर्चीत बसशील. वायरलेसवर."

"तुझ्या शेजारी? दिवसभर?" तो खरंच घाबरला. मग हळूच म्हणाला, "मला घरात त्या कोंबड्यांशिवाय कुणी नाही, व्हर्ना. रस्ता काढून घेतला तर मी सकाळी उठू कशाला?"

मी त्याला म्हटलं, रडू नकोस, दिसायला वाईट दिसतोस.

सार्जंट प्रुइट शुक्रवारी सकाळी आल्या. चाळिशीच्या, ताठ, बुटात तोंड दिसेल अशी चकाकी. माझी कॉफी त्यांनी एक घोट घेऊन बाजूला ठेवली, तेव्हाच मी मनात त्यांच्या नावावर काट मारली. त्यांनी ऑर्व्हिलला नियम सांगितले. पिस्तूल दिसलं की अंतर ठेवा. मध्ये गाडीचं इंजिन असू द्या. समोरच्याचे हात दिसले पाहिजेत. तुमचा उजवा हात रिकामा पाहिजे, पिस्तुलाजवळ पाहिजे. आणि अंडी गाडीत चालणार नाहीत.

"ती चर्चमधल्या बाईंना पोचवायची आहेत, मॅडम," ऑर्व्हिल म्हणाला.

"मागे ठेवा. आणि मागेच राहू द्या."

दुपारी दोघं किराणा दुकानात गेले. तिथे प्रुइटबाईंनी मोजलं, एकोणीस पिस्तुलं. त्यातलं एक दुकानदाराच्या आईचं, वय ब्याऐंशी, तिने ते विणकामाच्या सुया ठेवतात तसं ॲप्रनच्या खिशात खोचलेलं. नियमाने अंतर ठेवायचं तर बाईंना दुधाच्या कपाटापर्यंत पोचताच येईना. इकडे सरकल्या तर एक, तिकडे सरकल्या तर दोन. शेवटी ती म्हातारी ओरडली, "अगं ए पोरी, दूध हवंय का नाचतेयस?" सगळं दुकान हसलं. ऑर्व्हिल नाही हसला. त्याने दूध आणून त्यांच्या हातात दिलं.

संध्याकाळी बाई चौकीत परत आल्या, अहवाल लिहायला बसल्या. मी तोंडाळ आहे, गप्प बसवेना. म्हटलं, "तुम्हाला आमची माणसं चोर वाटतात का हो?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाही. ती चांगली माणसं आहेत, ते मला दिसतंय. माझ्याबरोबर एक मुलगी होती कामाला, लिन. दोन वर्षांपूर्वी तिने एक गाडी थांबवली. माणसाच्या कमरेला पिस्तूल, उघडं, सगळ्यांना दिसेल असं. तिनेही हेच धरलं, की सगळ्यांचंच असतं. सव्वीस वर्षांची होती. तिच्या आईला सांगायला मी गेले होते."

माझा निम्मा राग तिथेच उतरला. निम्मा मी ठेवला, लागतो कामाला. मग मीच त्यांना समजावलं, की अंड्यांना हसू नका, ती समोरच्याचे हात गुंतवायला असतात, म्हणजे त्याला पिस्तुलाकडे जाता येत नाही. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "आणि तोवर त्याचे स्वतःचे हात? दोन्ही भरलेले. समोरचा वाईट निघाला तर ऑर्व्हिल त्याच्या आधी मरेल." कागद मला उलटा दिसत होता. अयोग्यच्या चौकोनात त्यांनी पेन्सिलीने बारीक खूण केली होती.

शनिवारी बाई म्हणाल्या, आज गाडी मी थांबवणार, ऑर्व्हिलने बघायचं. सव्वादहाला माझ्या वायरलेसवर त्यांचा आवाज आला. "गाडी थांबवतेय. जुनी हिरवी पिकअप, मागचा डावा दिवा बंद." आणि नंबर सांगितला.

तो नंबर मला टाइप करावा लागला नाही. दर वर्षी त्या गाडीचा फॉर्म मीच भरते.

नंतर कळलं की गाडीत ऑर्व्हिल म्हणाला होता, "मॅडम, तो मर्ल आहे. दिव्याचं मी त्याला उद्या जेवताना सांगतो." आणि बाई म्हणाल्या होत्या, "ओळखीचा आहे म्हणून नियम बदलत नाही." नियमाच्या दृष्टीने बरोबरच होत्या त्या.

मी बटण दाबलं. "सार्जंट, ऐका, तो माझा नवरा आहे, तो तुमच्या हातात पिस्तूल द्यायला येईल, तो..." पण माझा आवाज जातच नव्हता. बाईंचा अंगठा त्यांच्या खांद्यावरच्या यंत्राच्या बटणावर दाबून राहिला होता. असं झालं की त्यांच्याकडचं सगळं सगळ्यांना ऐकू येतं आणि बाकीच्यांचं कुणालाच नाही. मी खुर्चीत बसून ऐकत राहिले. चाळीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्या माणसाचा लंगडता पाय खडीवर घासत येताना मी ऐकला.

"थांबा तिथेच. तुमच्याजवळ शस्त्र आहे का?"

"आहे की बाई. नमस्कार. थांबा हं, तुम्हाला मागायची वेळ नको."

"हात! हात वर घ्या! सोडा ते!"

"काय म्हणालात? हो हो, देतोय ना. धीर धरा जरा, म्हाताऱ्या माणसाची बोटं आहेत."

मेल्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही! मी ओरडले. भिंतीवर ओरडले. "मर्ल, टाक ते, टाक ते गाढवा!" कुणाला ऐकू जाणार? मग धप्प असा आवाज आला, कुणीतरी श्वास रोखला, आणि वायरलेस बंद पडलं. नुसती खरखर. गोळीचा आवाज आला की नाही तेच मला आठवेना. मला आठवत होतं ते एकच, त्या सकाळी मी मर्लशी भांडले होते, की दिवा बसव, दिवा बसव, किती दिवस सांगतेय.

चाळीस सेकंद. भिंतीवरच्या घड्याळात मोजली मी.

"व्हर्ना," ऑर्व्हिल म्हणाला, नेहमीसारखा सावकाश. "मर्ल ठीक आहे. सगळे ठीक आहेत. एक अंडं फुटलं."

मी त्याला जे काही बोलले ते सरकारी यंत्रावर बोलायचं नसतं, आणि लिहायचंही नसतं.

झालं होतं ते असं. बाई पुढे, इंजिनाच्या आडोशाला. मर्ल पिकअपजवळ, दोन बोटांत पिस्तूल, मूठ पुढे, तोंडावर ते त्याचं चर्चमधलं हसू. बाईंचं पिस्तूल कातडी म्यानातून अर्धं वर आलेलं, डावा हात खांद्यावरच्या बटणावर, आणि चेहरा पांढरा. ऑर्व्हिल मागच्या दारातून ट्रे घेऊन उतरला. मर्ल म्हणतो, "मला वाटलं तो अंडी मला द्यायला येतोय. म्हटलं आता घरी गेल्यावर व्हर्ना विचारणार, कुठे शेण खाल्लंस." पण ऑर्व्हिल मर्लकडे गेलाच नाही. तो बाईंच्या बाजूने आला आणि टोबीला म्हटलं होतं त्याच सुरात म्हणाला, "जरा धरा, मॅडम." ट्रे त्यांच्या छातीला लावला आणि सोडला.

तीस अंडी पडायला लागली की हात आपोआप वर येतात, मग माणूस सार्जंट असो की कुणी. त्यांचं पिस्तूल परत म्यानात बसलं. त्यांनी दोन्ही हातांनी ट्रे कवटाळला. म्हणूनच बटण सुटलं आणि माझं वायरलेस बंद पडलं.

मग ऑर्व्हिल रिकाम्या हातांनी मर्लकडे चालत गेला, मूठ धरून पिस्तूल घेतलं आणि म्हणाला, "मर्ल, लेका, एकतीस वर्षांत काही शिकला नाहीस."

मर्ल म्हणाला, "तू शिकलास ना? मग झालं."

मग त्याने मर्लला दिव्याचा दंड लावला. खरंच लावला! पेनाचं टोपण शोधायला दहा मिनिटं घेतली, आणि तेवढा वेळ सार्जंट प्रुइट रस्त्याच्या कडेला अंडी धरून उभ्या होत्या. मर्ल म्हणतो, ट्रेमधली अंडी एकमेकांवर वाजत होती. त्याने विचारलं, "घेऊ का बाई मी?" त्या म्हणाल्या, "नको. राहू दे." मोठ्याने रडल्या नाहीत, पण नाक पुसायला हात मोकळा नव्हता, तर मर्लने आपला रुमाल पुढे केला. आधी विचारून, आणि खिशातून सावकाश काढून. म्हणजे शिकला म्हणायचं थोडंसं.

दुपारी बाई चौकीत आल्या. गणवेशावर पिवळा डाग सुकलेला. त्यांनी माझी कॉफी मागितली आणि पूर्ण प्यायल्या. मग कागद काढला.

"व्हर्ना," त्या म्हणाल्या, "तुम्ही काल म्हणालात ती अंडी समोरच्यासाठी असतात."

"असतातच. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मी दहा मिनिटं तो ट्रे धरला. ती समोरच्यासाठी नाहीत."

"मग कुणासाठी?"

"तुम्ही इतकी वर्षं त्याला जेवायला घालताय. त्यालाच विचारा." आणि त्यांनी पेन्सिलीची खूण खोडली, शाईने दुसऱ्या चौकोनात खूण केली. 'सुधारणा सुचवा' अशी एक ओळ होती. तिथे त्यांनी लिहिलं, "मर्ल ऑस्ट्रँडर यांनी पिकअपचा मागचा दिवा बदलावा." निघताना त्यांच्या हातात तो ट्रे होता, एकोणतीस अंड्यांचा. मी विचारलं, "घरी नवरा आहे का हो तुम्हाला?"

"आहे."

"मग अंडी बघून तो विचारेल बरं का, कुठे शेण खाल्लंस!"

त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "सांगेन त्याला. सगळंच सांगेन."

रविवारी ऑर्व्हिल आला, नेहमीसारखा, बूट दाराबाहेर काढून. मर्ल टेबलाशी बसून दंडाची पावती सगळ्यांना दाखवत होता, म्हणजे मला आणि मांजराला. मी बटाट्यांचं भांडं घेऊन उभी राहिले आणि विचारलं, "ऑर्व्हिल, खरं सांग. ती अंडी कुणासाठी असतात?"

तो काट्याशी खेळत राहिला. मर्लने पावती खाली ठेवली.

"गाडीतून उतरून माणसापर्यंत जायला पंधरा-वीस पावलं लागतात," ऑर्व्हिल म्हणाला. "भीती असते ती तेवढ्यातच. अजूनही वाटते मला, दर वेळी वाटते. जवळ गेल्यावर माणूस माणसासारखा दिसतो, मग काही नाही. पण त्या वीस पावलांत माझ्या हातात काहीतरी असावं लागतं, फुटेल असं." मग त्याने मर्लच्या मांडीकडे बघितलं, जिकडे त्याने एकतीस वर्षांत माझ्या देखत कधी बघितलं नव्हतं. "त्या दिवशी माझे हात रिकामे होते, व्हर्ना."

मर्ल खाकरला आणि म्हणाला, "बटाटे गार होतायत."

मी ते गरम भांडं ऑर्व्हिलच्या हातात दिलं. म्हटलं, "जरा धर." त्याने दोन्ही हातांनी धरलं. मग मी रोस्ट कापलं, मधला, मऊ, रसाळ तुकडा काढला आणि त्याच्या ताटात वाढला. करपलेला माझ्या ताटात घेतला. खाल्ला मी तो सगळा, आणि मेला खरंच वाईट लागतो.